बापूची बैलमोटर

आमच्या घरी कोंबड्याच्या आधी कानस बोलायची. अंगणातल्या निंबाखाली बापू उकिडवा बसून लोखंडाचा एखादा तुकडा घासत असायचा, आणि त्या कर्रकर्र आवाजातच याडी चूल पेटवायची. थोड्या वेळानं तिच्या भाकरी थापण्याचा आवाज यायचा, मग गोठ्यातून बैलांच्या घंटांचा. हे तिन्ही आवाज एकमेकांत मिसळले की मला कळायचं, उजाडलं. अजूनही यवतमाळच्या या फ्लॅटमध्ये समोरच्या इमारतीत कुणी ग्रिलचं काम काढलं, की मी अर्धवट झोपेत भाकरीच्या वासाची वाट बघत पडून राहते.

आमचा तांडा आर्णीच्या जवळच, पण रस्त्यावरून दिसत नाही असा. घरात आम्ही बंजाऱ्यांची गोरमाटी बोलायचो, बाजारात आणि शेजारच्या शेतकऱ्यांशी वऱ्हाडी. गोरमाटीत आईला याडी म्हणतात, आणि वडिलांना आम्ही बापू म्हणायचो. तिचं नाव सोनी, पण ते नाव एकटा बापूच घ्यायचा. आमच्या घरातलं बोलणं मी इथं वऱ्हाडीतच लिहिते, कारण गोरमाटी वाचणारे माझ्या नातवंडांतही आता कुणी उरले नाहीत. मोठी बहीण लग्न होऊन नेरकडे गेली होती. घरात आम्ही तिघं, आणि गोठ्यात वजीर आणि सरदार ही बैलांची जोडी. वजीरचं पुढं जे झालं ते माझ्यामुळं झालं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणारा सगळा राग बापूवर धरील. तसा राग त्याच्यावर पुष्कळांनी धरलेला आहे.

बापूला आर्णीत धनसिंग मिस्त्री म्हणत. पाठीमागं बह्याड, म्हणजे खुळा, मिस्त्री म्हणत, आणि तेही त्याला माहीत होतं. तरुणपणी त्यानं ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानात काम केलं होतं. नंतर वाट्याला आलेल्या जमिनीत तूर आणि कापसाची पऱ्हाटी लावायचा, पण त्याचं चित्त शेतात नसायचं. त्याच्या आज्यापणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला होता. लदेणी म्हणायचे त्या धंद्याला. मग रेल्वे आली, ट्रक आले, आणि आमची माणसं तांड्यात बसून शेती करायला लागली. बापूला हे काल-परवा झाल्यासारखं टोचायचं. पाहुणा आला की तो पणज्याच्या बैलांची गोष्ट काढायचा, आणि दर वेळी त्या गोष्टीत पाच-पन्नास बैल वाढलेले असायचे. याडी आतून म्हणायची, "सारे बैल इथंच बांधशीन तं पाहुना बसन कुठी?"

तिच्याच जात्यावर त्याचा पहिला प्रयोग झाला होता. त्यानं ते सायकलच्या साखळीला जोडलं. पीठ सगळं भिंतीवर उडालं आणि त्या दिवशी आम्ही भिंत खरवडून भाकरी खाल्ल्या. मग एक फिरता पट्टा करून त्यानं बकरीला त्याच्यावर चालवलं. बकरी चालली, पट्टा फिरला, पट्ट्याला जोडलेलं चाक फिरलं. बापू टाळ्या वाजवत नाचला. "बकरी जाग्यावरच हाय अन् चाक चाललं! आता हेच बैलाचं कराचं. बैल गाडीले कायले ओढन? बैलच गाडीत बसन अन् गाडी पळन!" याडीनं बकरी सोडवून आणली आणि तिच्यावरून मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या.

तुरीच्या सोल्यांच्या, म्हणजे ओल्या दाण्यांच्या, दिवसांत घरात रोज सोल्यांची आमटी असायची, भाकर आणि मिरचीचा ठेचा. बापू एका हातात भाकर घेऊन अंगणभर फिरत जेवायचा आणि दुसऱ्या हातानं जमिनीवर काडीनं चाकं काढायचा. दोन वर्षं की तीन, मला आठवत नाही, पण हळूहळू अंगणात बैलमोटर उभी राहिली. मागं जुन्या जीपची दोन चाकं, पुढं मोटारसायकलचं एक. मधे पाइपांची चौकट, आणि चौकटीच्या तळाला बाभळीच्या फळ्या साखळीवर जोडून केलेला फिरता पट्टा, पुढच्या बाजूला थोडा उंच. बैलानं त्यावर चालायचं. तो चालला की पट्टा मागं सरायचा, पट्ट्यानं दाते फिरायचे, दात्यांनी चाकं. बैलाच्या पावलाहून गाडी जोरात जायची. हाकणाऱ्याची बसायची जागा बैलाच्या पुढं होती, आणि ती जागा माझी होती. एक तर मी हलकी, आणि दुसरं, वजीर माझ्या आवाजावर चालायचा. याडीनं त्याला वाढवलं होतं. त्याची माय तो जन्मताच मेली, तेव्हा याडीनं कापडाची वात बकरीच्या दुधात बुडवून त्याला पाजलं. आम्ही दोघं एका अंगणात मोठे झालो. गाडी हाकताना त्याचा श्वास माझ्या मानेवर यायचा, ओल्या गवताच्या वासाचा.

बैलमोटर खरंच चालायची का, हे मला लोक आजही विचारतात. चालायची. एका सकाळी बापूनं मला यवतमाळच्या रस्त्यावर सपाटीला नेलं. मागं ओझं काही नव्हतं. आम्ही एका दूधवाल्याच्या सायकलीला मागं टाकलं. तो वळून वळून बघत पडायच्या बेताला आला. पुढं थांब्यावर एसटी उभी होती. ती निघाली आणि तिनं वेग धरेपर्यंत काही अंतर आम्ही तिच्या बरोबरीनं गेलो. खिडक्यांतून लोक ओरडत होते. मग ती पुढं गेली. एवढं खरं. पण दुपारपर्यंत बापूनं बाजारात सांगितलं की बैलमोटरीनं एसटीला मागं टाकलं. आठवड्यानं तो सांगायला लागला की एक पाटी सरकीची ढेप खाऊन वजीर यवतमाळला जाऊन येतो. वजीरनं यवतमाळ कधी पाहिलं नव्हतं.

मी एकदा म्हटलं, "बापू, आपन एसटीले कुठी मांगं टाकलं?"

"टाकलंच असतं," तो म्हणाला. "डायवरनं गिअर बदलला म्हून."

त्याच्या मनात जे होऊ शकत होतं ते झालेलंच असायचं. ही खोटं बोलण्याची रीत नव्हती, असं मी पुष्कळ वर्षं लोकांना समजावत आले. आता समजावत नाही. खोटं ते खोटंच. पण त्याच्या खोट्याच्या पोटात खऱ्याचा एक मोठा तुकडा असायचा, आणि तो मी डोळ्यांनी पाहिला होता.

यवतमाळच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एका सरांना बापूनं इतक्या वेळा जाऊन गाठलं, की शेवटी ते गाडी पाहायला येतो म्हणाले. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत थ्रेशर बनवणारा एक कारखानदार होता. तोही यायला तयार झाला. सरांनी बरं म्हटलं तर तो तशा गाड्या करून बघणार होता. शिमगा जवळ आला होता. आर्णीच्या बाजाराच्या मैदानावर गाडी चालवायची आणि मग नदीकडून गावात येणारा चढ चढवायचा, असं ठरलं. चढ सरांनीच मागितला. कापसाची गाठोडी लादून चढवून दाखवा, म्हणाले.

बापू त्या दिवशी जेवला नाही. चढाला काय होतं ते आम्हाला माहीत होतं. तांड्याबाहेरच्या टेकाडावर रिकामी गाडीही वजीरला नेववत नव्हती.

मग घरात पेट्रोलचा वास यायला लागला. गाडी दाखवायच्या दिवसाच्या थोडं आधी बापूनं मला गाडीखाली वाकून बघायला लावलं. गाठोडी ठेवायच्या फळीखाली त्यानं एका जुन्या मोपेडचं इंजिन बसवलं होतं आणि चहूकडून पोती शिवून लावली होती. ते सुरू करायची दांडी माझ्या बसायच्या जागेजवळ आणली होती.

"चढ लागला का हे मांगं ओढ. चढ संपला का सोड," तो म्हणाला. "शिमग्याचा नगारा तांड्यावरून बोलावला हाय. चढावर आले का ते जोरात वाजवतीन. कोनाले आवाज ऐकू येनार नाई."

"मंग ते बैलमोटर कायची, बापू?"

"चढापुरतं हाय पोरी. एकदा सायेबानं हो म्हटलं, लोहाऱ्याच्या मशीनवर चांगले दाते कापून भेटले, का हे काढून टाकतो. चढ बी वजीरच चढन. आता दाते बरोबर नाईत म्हून."

मी हो म्हटलं. त्याच्या तोंडाकडे बघून दुसरं काही म्हणवलं नाही. पण आतून मी तुटले होते. गाव त्याला बह्याड म्हणत होतं तेव्हा शाळेत मी त्याच्यासाठी भांडले होते. आता मला गावाचीच बाजू घ्यावी लागेल असं वाटलं, आणि ते सहन होईना.

मैदानावर माणूस मावत नव्हता. याडी बायकांमधे चढाच्या कडेला उभी होती. वजीरच्या शिंगांना बापूनं लाल रिबिनी बांधल्या होत्या. मी गाडीवर बसले, पट्ट्याचा अटकाव सोडला आणि म्हटलं, "चाल, राजा." वजीर चालला. मैदानाला आम्ही फेरी मारली, मग दुसरी, आणि दुसरीला तर मला वळणावर ब्रेक लावावा लागला. पोरं मागून धावत होती, त्यांना गाठता येईना. सर हसत होते. त्यांनी स्वतः पट्ट्यावर हात ठेवून दात्यांकडे बघितलं आणि बापूला म्हणाले, "कल्पना चांगली आहे हो तुमची. अगदी चांगली. आणि मुलगी फार छान चालवते."

ते वाक्य मी किती वेळा मनात फिरवलं आहे. माझं कुणी शिकलेल्या माणसानं असं कौतुक कधी केलं नव्हतं, आणि मला ते फसवून मिळवायचं नव्हतं. पुढं मी जे केलं ते खरेपणासाठी केलं, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण त्यात ते कौतुक होतं, बापूवरचा राग होता, आणि सगळ्यांत जास्त, टेकाडावरचं डोळ्यांनी पाहूनही, ही खात्री होती की वजीर चढेल. बापूनं इतकी वर्षं जे सांगितलं होतं ते मी बापूपेक्षा जास्त खरं मानलं होतं.

गाठोडी लादली. चढ आला. नगारा वाजायला लागला. दांडीवर माझा हात होता, आणि मी ती ओढली नाही.

"चाल वजीर! चाल बेटा!" मी ओरडले. तो चालला. त्याचा श्वास माझ्या मानेवर जोरजोरात येऊ लागला. गाडी अर्ध्या चढापर्यंत गेली, हे कुणी आता मानत नाही, पण गेली. मग हळू झाली. मी आणखी ओरडले. कडेनं बापू धावत येत होता, नगाऱ्यात त्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं, हातानं तो ओढ, ओढ असं दाखवत होता. मी मान दुसरीकडे वळवली. गाडी थांबली. तेव्हा तरी मी दांडी ओढायला हवी होती, निदान ब्रेक दाबायला हवा होता. मला वाटलं, आणखी एक पाऊल टाकील. गाडी मागं घसरली. गाडी मागं गेल्याबरोबर वजीरच्या पायाखालचा पट्टा उलटा, पुढं सरकायला लागला. त्याचे पाय निसटले, तो मागच्या पायांवर बसल्यासारखा पडला, आणि एक पाय पट्टा आणि चौकट यांच्यामधे गेला. ब्रेक मी तेव्हा दाबला. त्याच्या ओरडण्यानं नगारा बंद पडला.

माणसांनी चाकांना दगड लावले, गाठोडी खाली फेकली, बैलाला सोडवायला चौकट आडवी केली. आणि फळी निघाली तेव्हा पोती फाटून इंजिन सगळ्यांसमोर आलं.

मग कोणीतरी हसलं. "अबे, बैलाच्या पोटात इंजन!" कारखानदार आपल्या जीपकडे चालायला लागला. बापू वजीरच्या डोक्याशी बसला होता. "चूक माही हाय," तो मोठ्यानं म्हणाला, "बिरेक मीच ढिला ठेवला होता." पोरीनं दांडी ओढली नाही, असं तो म्हणाला नाही. ब्रेक ढिला नव्हता. सर मात्र गेले नाहीत. जनावरांच्या डॉक्टरला त्यांनीच बोलावणं पाठवलं. जाताना ते बापूला म्हणाले, "इंजिन लपवलंत याचं मला तितकं वाईट नाही वाटलं, मिस्त्री. पट्टा उलटा फिरू नये म्हणून एक साधा खटका हवा होता. जिवंत जनावर वर उभं करायचं तर तो आधी हवा होता." बापूनं मान हलवली. चांगले माणूस होते सर, आणि बोलले तेही बरोबर बोलले.

डॉक्टर म्हणाले, मोठ्या बैलाचा मागचा पाय मोडला की अवघड. उभा ठेवता आला तर एखादवेळी. आडवा पडून राहिला तर गेला. बापू ते ऐकून उठला, आणि त्याच दुपारी त्यानं बैलमोटर खोलायला घेतली. पाइप काढले, साखळ्या काढल्या, जीपची चाकं काढली, आणि गोठ्यात एक उंच चौकट उभी केली. कप्प्या लावल्या. पोत्यांचे रुंद पट्टे शिवून वजीरच्या पोटाखालून घेतले आणि साखळीनं त्याला हळूहळू उचललं. पायांना जमीन लागेल, पण भार येणार नाही, असा. दुसऱ्या खेपेला आलेले डॉक्टर ते बघतच राहिले. म्हणाले, "हे तुम्ही कुठं पाहिलं?" बापू म्हणाला, "कुठीच नाई." माझ्या मते त्यानं केलेली सगळ्यांत चांगली वस्तू तीच होती. तिच्याबद्दल त्यानं आयुष्यात कुणाला काही सांगितलं नाही.

गावानं एवढंच पाहिलं की धनसिंग मिस्त्रीनं गाडी मोडून टाकली. पुरावा नाहीसा केला, म्हणाले. सपाटीवर चालली तीही इंजिनावरच चालली असणार, म्हणाले. ज्यांनी मैदानावर हात लावून पाहिलं होतं तेही तसं म्हणायला लागले.

वजीर काही दिवस उभा राहिला. याडी त्याला मुठीनं कडबा भरवायची. मी जवळ गेले की तो माझ्याकडे मान वळवायचा, आणि मला पळून जावंसं वाटायचं. मग त्यानं खाणं सोडलं. बापूनं शेताच्या धुऱ्यावर, बांधाशी, खड्डा खणला. तांड्यातली चार माणसं आली. याडी आली नाही. ती ओट्यावर बसून राहिली, आणि बापू माती झटकत अंगणात आला तेव्हा उठली. आमच्या घरात इतका आवाज मी कधी ऐकला नव्हता. "बैल खाल्ला तू माहा! लोखंडासाठी जित्ता जीव खाल्ला!" सगळा तांडा बाहेर आला. बापू खाली मान घालून उभा होता. संध्याकाळच्या आत याडी गाठोडं बांधून तिच्या भावाच्या तांड्यावर निघून गेली.

तो उन्हाळा आणि अर्धा पावसाळा मी आणि बापू दोघंच होतो. मी भाकरी करायची, त्या कडेला जळायच्या, तो मुकाट खायचा. मी रोज ठरवायची, आज म्हणायचं, बापू, याडीला सांग माझ्यामुळं झालं. आणि रोज मला वाटायचं, तो सांगेलच. तो सांगत नव्हता. मलाही दुखावणारं एक अक्षर तो बोलला नाही. कानस मात्र बंद होती. सकाळी मला जाग यायची आणि कसलाच आवाज नसायचा.

पोळा आला. सरदार एकटा होता. बापू म्हणाला, "एकट्याले कायचा पोळा," पण आंघोळ घातली, शिंगं रंगवली. तोरणाखाली बैल उभे राहिले आणि झडत्या सुरू झाल्या. आमच्याकडं पोळ्याला बैल घेऊन उभी माणसं गाणी रचून एकमेकांना टोमणे मारतात, त्याला झडत्या म्हणतात. एक पोट्टा पुढं आला.

"बैल चढला गाडीवर, मिस्त्री चढला ढंगावर,
पोटामंदी इंजन निघालं आर्णीच्या चढावर!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!"

सगळं रान हसलं. झडती झाली की सगळ्यांनी मिळून हर हर महादेव म्हणायची रीत आहे. बापूनं म्हटलं. सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हटलं. मी सरदारचा कासरा धरून उभी होते आणि मला जमिनीनं गिळावं असं वाटत होतं. दांडी मी ओढली असती तर हीच माणसं आज त्याची मिरवणूक काढत असती, आणि ती मिरवणूक खोटी असती. या दोन्हींतलं कोणतं बरं, हे मला तेव्हा कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही.

घरी आलो तर याडी दारात उभी होती. पायाशी गाठोडं, हातात पाण्याचा लोटा, आत पुरण शिजल्याचा वास. तिनं सरदारचे पाय धुतले, कुंकू लावलं, पोळी भरवली. बापू फाटकातच थांबला होता. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तुले काय येगळं आमंत्रन पाह्यजे?" तो आत आला.

बापूनं पुन्हा गाडी केली नाही. फवाऱ्याचे पंप, मोटारी, शिवणयंत्रं दुरुस्त करत राहिला. त्याला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, याडीलाही. मागच्या वर्षी दोन पोरं मोबाइल घेऊन माझ्याकडे आली, व्हिडिओ करायचा म्हणून. मी शाळेतून मास्तरीण म्हणून निवृत्त झालेली, त्यामुळं नीट सांगितलं. गाडी सपाटीवर बैलावर चालत होती, एसटीला तिनं मागं टाकलं नव्हतं, चढासाठी इंजिन बसवलं होतं, ते सुरू केलंच नाही, आणि ते न करणारी मी. गाडी का मोडली तेही सांगितलं. त्यांनी व्हिडिओला नाव दिलं, 'वेडा की लबाड?' खाली लोक अजून भांडत असतात. माझ्या बोलण्याखाली एकानं लिहिलं आहे, मुलगीच ती, बापाची बाजू घेणारच.

त्या लोकांना सांगितलं नाही ते इथं लिहिते. दिवाळी होऊन गेली होती. मी आणि याडी पऱ्हाटीत कापूस वेचत होतो. शेतात दुसरं कुणी नव्हतं. मला आणखी दाबून ठेवता येईना. मी म्हटलं, "याडी, वजीरचं माह्यानं झालं. बापूनं इंजन बसवलं होतं, मी दांडी ओढली नाई."

तिचे हात थांबले नाहीत. "मले मालूम हाय," ती म्हणाली.

"बापूनं सांगतलं?"

"त्यानं कायले सांगाले पाह्यजे? घरात इतले दिवस पेट्रोलचा वास येत होता, मी काय आंधळी हाय? अन् चढावर सारे बैलाकडे पाहत होते. मी तुह्याकडे पाहत होती."

"मंग तू बापूवर काहून ओरडली? मामाकडं काहून गेली?"

याडीनं ओटीतला कापूस खालच्या फडक्यावर ओतला. पदरानं तोंड पुसलं. "राग आलाच होता मले. वातीनं दूध पाजलेला बैल होता माहा. तुह्या तोंडाकडं पाह्यलं का राग येत होता. तुह्या बापाच्या ध्यानात आलं ते. तो मले म्हणे, सोनी, तू इथं राह्यली तं एखाद्या दिवशी पोरीले बोलून जाशीन. तिले ते जन्मभर पुरन. त्यापक्षा मले शिव्या दे, साऱ्या तांड्याले ऐकू जातीन अशा दे, अन् भावाकडं जाऊन राहा. राग उतरला का ये."

मी म्हटलं, "मंग त्या शिव्या खोट्या होत्या?"

"नाई," याडी म्हणाली. "शिव्या खऱ्याच होत्या. त्यालेबी मालूम होतं ते." आणि ती पुढच्या झाडाकडं वाकली.

मी घरी आले तेव्हा बापू निंबाखाली कुणाचा तरी फवाऱ्याचा पंप खोलून बसला होता. मला बघून त्याच्या लक्षात आलं असावं. "सांगतलं का तिनं?" त्यानं विचारलं. मी मान हलवली. मला त्याच्या पायाशी बसायचं होतं, माफ कर म्हणायचं होतं, सगळे शब्द तोंडाशी आले होते. "तिच्या पोटात काईच राहत नाई," तो म्हणाला, आणि वर न बघता पंपाचं दुसरं टोक त्यानं माझ्याकडं सरकवलं.

"घट्ट धर. पाना सरकून राह्यला."

मी धरलं.